धंद्याचं लायसन्स नको, नागरिकाचा कागद द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेले तीन आठवडे तुमच्या पत्रांच्या कॉलममध्ये वेश्याव्यवसायाला कायद्याने मान्यता द्यावी की नाही ह्यावर चर्चा चालू आहे आणि मी प्रत्येक पत्र वाचतेय, काही तर दोनदा वाचली. एका वाचकांनी लिहिलं की सरळ लायसन्स द्या, डॉक्टरी तपासणी करा, टॅक्स घ्या, प्रश्न मिटला. दुसऱ्यांनी लिहिलं की अहिल्याबाईंच्या गावात हा विषयच नको, सगळं बंद करा. एका ताईंचं म्हणणं की बायकांना सोडा आणि गिऱ्हाइकाला आत टाका. तिघांचाही हेतू वाईट नाही हे मला कळतं. पण मी ३१ वर्षं इंदुरात बँकेच्या काउंटरवर काढली आणि रिटायर झाल्यापासून दर मंगळवारी एका संस्थेत ह्याच बायकांचे फॉर्म भरून द्यायला जाते, तिथे जे बघितलं ते ह्या तिन्ही पत्रांत कुठेच नव्हतं म्हणून लिहायला बसले. पत्र लांबेल, कापलंत तरी चालेल पण लायसन्सचा भाग कृपा करून कापू नका.

२००८-०९ ची गोष्ट असेल. तिशीची एक बाई काउंटरवर आली, दुधाच्या रिकाम्या पिशवीत नोटा, दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, एकेक सरळ करून रबर लावलेल्या. खातं उघडायचं म्हणाली. नाव लिहिलं, मग वडील किंवा पती ह्या रकान्यावर थांबली आणि वडिलांचं नाव सांगितलं. पत्ता सांगितला तशा शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या कारण ती गल्ली गावात सगळ्यांना माहीत. मग व्यवसायाचा रकाना आला. मी विचारलं, काम क्या लिखूँ? मागे लाइनीत सात-आठ माणसं उभी. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "सिलाई लिख दो दीदी." मी लिहिलं. पण पत्त्याचा पुरावा कुठून आणणार, रेशनकार्ड नाही, लाइटचं बिल घरमालकाच्या नावाने, भाडेचिठ्ठी आण म्हटलं तर म्हणाली मालिक लिखकर नहीं देगा. मॅनेजर साहेबांनी फॉर्म परत केला. ती पिशवी परत पदराखाली घेऊन गेली.

वर्षभराने ती बाजारात भेटली तेव्हा कळलं की ते पैसे तिने गल्लीतल्या एका दुकानदाराकडे ठेवायला दिले होते आणि तो दुकान बंद करून गावी निघून गेला. तक्रार का नाही केलीस विचारलं तर ती हसली पण नाही, फक्त म्हणाली थाने में क्या बोलूँ, पैसे कहाँ से आए? त्या दिवसापासून मला तो फॉर्म आठवतो आणि अजून वाईट वाटतं, नियम मी केला नव्हता हे खरं पण परत करताना हात माझाच होता.

त्या घरमालकाचा तेव्हा मला फार राग आला होता. नंतर कायदा वाचला तेव्हा समजलं तो का लिहून देत नाही. १९५६ चा कायदा आहे, १९८६ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून त्याला अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा म्हणतात. त्यात स्वतःच्या मर्जीने, एकटीने, खाजगीत हे काम करणं हा गुन्हा नाहीच, बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. पण त्याच्या आजूबाजूचं जवळजवळ सगळं गुन्हा आहे. कलम ३ मध्ये कोठा चालवणारा आणि जाणूनबुजून जागा देणारा दोघंही अडकतात, आणि कोठ्याची व्याख्या अशी की दोन बायका एकमेकींच्या सोबतीने, सेफ वाटावं म्हणून एका खोलीत काम करत असतील तरी तो कोठाच. म्हणून मालक भाडं दुप्पट घेतो आणि कागद देत नाही. कलम ४ मध्ये तिच्या कमाईवर जगणारा १८ वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार. हे कलम दलालासाठी केलं असेल, पण मी ज्या बायकांना ओळखते त्यातल्या एकीचा मुलगा बारावीला होता, अठरा पूर्ण झाले आणि नाक्यावरचा शिपाई त्याला अडवायला लागला, माँ की कमाई खाता है, चल अंदर. दर महिन्याला काहीतरी द्यावं लागायचं. शेवटी पोरगं शिक्षण सोडून पिथमपूरला कंपनीत हेल्पर म्हणून लागलं. आणि कलम ८ बघा, रस्त्यावर उभं राहून बोलावलं म्हणून बाईला पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेच पुरुषाने केलं तर सात दिवस ते तीन महिने. एकाच कामाला बाईला जास्त आणि पुरुषाला कमी, हे आपल्या कायद्याच्या पुस्तकात आजही छापलेलं आहे.

आता लायसन्स. ऐकायला फार सोपं वाटतं, मलाही आधी वाटायचं. पण लायसन्स म्हणजे काय तर सरकारी रजिस्टरमध्ये नाव, फोटो, अंगठा आणि पुढे धंद्याचं नाव, कायमचं. ज्या बाईला आठ माणसांसमोर बँकेत एक शब्द उच्चारता आला नाही ती उद्या कलेक्टर ऑफिसात जाऊन रजिस्टर होईल? तिची मुलगी शाळेत जाते, गावी आई आहे तिला वाटतं मुलगी इंदुरात कपड्याच्या कारखान्यात आहे. चार वर्षांनी तिला काम सोडायचं असेल, कुठे आयाबाई म्हणून लागायचं असेल, तर ते रजिस्टर कोण फाडणार आहे? आजकाल तर डेटा कुठून कुठे जातो कळत पण नाही.

आणि हे आपल्याकडे करून झालंय. इथून २०-२५ किलोमीटरवर महू आहे, इंग्रजांची मोठी छावणी. १८६४ चा छावणीचा कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा ह्यांनी देशभर हेच लायसन्सचं काम केलं होतं, छावणीजवळच्या बायकांची नोंद, ठरलेल्या दिवशी तपासणी, आजारी निघाली की लॉक हॉस्पिटल म्हणजे गुप्तरोगाच्या दवाखान्यात बंद. तपासणी बाईची, तिच्याकडे येणाऱ्या शिपायाची नाही. बायका नोंद टाळायला पळून जायच्या, लपायच्या, खालचे कर्मचारी रजिस्टरात नाव लावतो अशी धमकी देऊन पैसे काढायचे. शेवटी १८८८ मध्ये तो कायदा रद्द करावा लागला. म्हणजे जो उपाय आज नवा म्हणून लिहिला जातोय तो दीडशे वर्षांपूर्वीचा आहे आणि फेल झालेला आहे. बरं तेव्हाचं सोडा, जर्मनीचं बघा, तिथे २००२ मध्ये हे काम कायदेशीर झालं आणि २०१७ पासून प्रत्येक बाईला नोंदणी सक्तीची केली. २०१९ च्या शेवटी नोंद किती, तर साधारण ४० हजार, आणि तिथे काम करणाऱ्या बायकांचे जे अंदाज लोक सांगतात ते ह्याच्या कितीतरी पट. ज्या नोंदल्या नाहीत त्या आता नुसत्या बदनाम नाहीत, बेकायदेशीर पण झाल्या. जर्मनीसारख्या शिस्तीच्या देशात हे झालं, आपल्याकडे ते कार्ड हातात पडायच्या आधी किती जणांच्या हातातून जाईल तुम्हीच विचार करा.

गिऱ्हाइकाला पकडा म्हणणाऱ्या ताईंना एवढंच सांगते की स्वीडनने १९९९ मध्ये हे केलं, फ्रान्सने २०१६ मध्ये, आणि त्यामागची भावना मी समजू शकते, बाई विकत घ्यायची वस्तू नाही हे मलाही मान्य आहे. पण गिऱ्हाईक घाबरलं की ते अंधारात बोलावतं, बाईला माणूस पारखायला दोन मिनिटं मिळायची ती पण जातात, आणि घासाघीस त्याच्या बाजूने होते. आमच्या मंगळवारच्या बायकांना मी हे विचारलं होतं. त्या म्हणाल्या पुलिस उसको पकड़ने आएगी तो दरवाज़ा तो हमारा ही तोड़ेगी ना. मला ह्यावर उत्तर सुचलं नाही.

आणि बंद करा म्हणणाऱ्यांना, नागपूरची गंगा-जमुना आठवा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी वस्ती बॅरिकेड लावून बंद केली, कोविडने आधीच चूल विझलेली होती. बायका हवेत विरून जात नाहीत, त्या शहरात पांगतात, आणि तपासणीवाल्या संस्थेच्या ताईला त्या सापडत नाहीत, पण दलालाला बरोबर सापडतात.

मग मला हवं तरी काय, असं कुणी विचारेल. न्यूझीलंडने २००३ मध्ये जो कायदा केला तो मला सगळ्यात जवळचा वाटतो, त्यांच्या संसदेत तो ६० विरुद्ध ५९ असा एका मताने पास झाला, म्हणजे तिथेही भांडण काही कमी नव्हतं. त्यांनी ह्या कामासाठी बाईवर लागणारे गुन्हे कायद्यातून काढून टाकले. चारपर्यंत बायका मिळून स्वतःच्या हिशेबाने काम करत असतील तर त्यांना काही सर्टिफिकेट लागत नाही, पण मोठी जागा चालवणाऱ्याला लागतं. म्हणजे नोंद मालकाची, बाईची नाही. १८ च्या आतल्या मुलीला कामाला लावणारा आणि तिच्याकडे जाणारा दोघंही गुन्हेगार. आणि २०१४ मध्ये तिथल्या एका बाईने आपल्या मालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि जिंकली, २५ हजार डॉलर भरपाई मिळाली. विचार करा, ह्या कामातली बाई छळाची तक्रार करते आणि तिला कुणी विचारत नाही की मग तू हे काम का करतेस. तिथे सगळं छान आहे असं नाही, परदेशातून व्हिसावर आलेल्या बायकांना ह्या कायद्याचा फायदा नाही आणि त्या अजून लपूनच आहेत. पण दिशा ती आहे.

आपल्याकडे तो कायदा होईल तेव्हा होईल. त्याच्या आधी जे सुप्रीम कोर्टाने सांगून झालंय ते तरी होऊ दे. १९९९ मध्ये कोलकात्यात एका बाईचा खून झाला, तिला मारून टाकलं एका माणसाने, त्या माणसाचं अपील २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळलं पण तिथेच थांबले नाहीत, ह्या बायकांना सन्मानाने जगता यावं म्हणून कमिटी नेमली, आणि १९ मे २०२२ ला आदेश दिला. पोलिसांनी नीट वागावं, अत्याचार झाला तर तिलाही इतर कुठल्याही बाईसारखी वैद्यकीय मदत मिळावी, जवळ कंडोम सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये, सुधारगृहांत मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायका शोधून सोडाव्या. सगळ्याच शिफारशींना केंद्र सरकार तयार नव्हतं, पण ह्या पाळायच्याच आहेत. आणि त्यातच माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आधार कार्ड. पत्त्याचा पुरावा न मागता, नॅको म्हणजे केंद्राची एड्स नियंत्रण संस्था किंवा राज्याची एड्स कंट्रोल सोसायटी, ह्यांच्या अधिकाऱ्याच्या सर्टिफिकेटवर आधार द्यायचं, आणि आधारच्या नंबरात असा कुठलाही कोड टाकायचा नाही ज्याच्यावरून ती कोण आहे हे ओळखता येईल. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं. कुणीतरी काउंटरच्या त्या बाजूने विचार केला होता. कागद द्या पण तो नागरिकाचा द्या, धंद्याचा नको, एवढंच तर मी म्हणतेय.

पण पुढे काय झालं ते सांगते. मागच्या वर्षी आम्ही तिघींना घेऊन एका आधार सेंटरवर गेलो. ऑपरेटर पंचविशीचा मुलगा, त्याला ह्या आदेशाचं काही माहीत नव्हतं, त्यात त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नसणार. त्याने सर्टिफिकेट हातात घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागला. दोन ओळी वाचल्या, थांबला, खुर्ची मागे सरकवून आतल्या माणसाला हाक मारली, सर ये वाला देखो क्या है. बाकावर बसलेल्या सगळ्या लोकांनी आमच्याकडे बघितलं. त्यात एक बाई आपल्या नातवाला घेऊन बसली होती, तिने नातवाला जवळ ओढलं. आमच्यातली सगळ्यात मोठी, साठीच्या आसपासची, तिने पुढे होऊन त्या मुलाच्या हातातून कागद शांतपणे काढून घेतला, चार घड्या केल्या, ब्लाउजमध्ये ठेवला आणि बाहेर निघून गेली. बाहेर रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "मैडम, इतने साल बिना कागज के निकल गए, बाकी भी निकल जाएँगे." तिला विधवा पेन्शन मिळू शकते, म्हणजे मिळायला पाहिजे, पण आधार नाही.

म्हणजे आदेश बरोबर आहे पण ज्या कागदावर तो चालतो तो कागदच तिची ओळख उघडी करतो. ह्याला फार मोठी अक्कल लागत नाही. अधिकाऱ्याने ते सर्टिफिकेट सरळ वरच्या ऑफिसला पाठवावं आणि बाईच्या हातात फक्त एक नंबर द्यावा, ऑपरेटरने नंबर टाकावा आणि फोटो-अंगठा घ्यावा, बस. किंवा महिन्यातून एक दिवस सरकारी दवाखान्यात, जिथे त्या तशाही तपासणीला येतात, तिथे मशीन घेऊन एक समजूतदार बाई बसवा. नॅकोच्या जुन्या अंदाजातच देशात अशा बायका ८ लाखांच्या वर आहेत, पण आपल्या एका शहरापुरतं तर हे चार-सहा महिन्यांत होऊन जाईल.

कोलकात्याला सोनागाचीत ह्या बायकांनी १९९५ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली, उषा नावाची, बचत आणि कर्जासाठी. बँकेत असताना मला हे माहीत असतं तर मी त्या दुधाच्या पिशवीवालीला निदान सांगितलं तरी असतं की असं होऊ शकतं. नोंदणीच्या वेळी त्यांना गृहिणी म्हणून लिहा असं सुचवलं होतं आणि त्यांनी नाही म्हटलं. आपल्या सांगलीतही १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे, त्या बायका उघडपणे आपलं नाव लावून बोलतात. हे लायसन्सच्या उलट आहे. स्वतःचं काम लिहायचं की नाही हे त्यांनी ठरवलं, सरकारने त्यांच्या कपाळावर लिहिलं नाही.

आता एक गोष्ट जी मी टाळली तर पत्र अर्धवट राहील. आपल्या माळव्यात, महू-नीमच रोडवर, रतलाम, मंदसौर, नीमच ह्या बाजूला बाछडा समाजाचे डेरे आहेत, तिथे घरातली मोठी मुलगी ह्या कामाला बसवायची चाल आहे, तिला खिलावडी म्हणतात. ह्याला मी मर्जी म्हणणार नाही, कधीच नाही. १८ च्या आतल्या मुलीची कसली मर्जी, तिथे पॉक्सो आहे, मानवी तस्करीचं कलम आहे, ती पूर्ण ताकदीने लावा, जो कुणी रोडवर गाडी थांबवतो त्याच्यापासून सुरुवात करा. त्याच समाजातली शिकलेली मुलं-मुली आता ह्याच्या विरुद्ध उभी राहतायत, त्यांना साथ द्या. राज्य सरकारने १९९२ मध्ये बेडिया, बाछडा, सांसी ह्या समाजांसाठी जाबाली योजना आणली, ३० वर्षांच्या वर झाली, आणि रोडवर मुली अजून उभ्या आहेत. इथेही परत कागदच बघा, जन्माचा दाखला नसेल तर चौदाची मुलगी एकोणीसची म्हणून सांगता येते आणि पोलिसाला हाडांची तपासणी करत बसावं लागतं. प्रत्येक डेऱ्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलीचा दाखला जर महिनाभरात झाला तर पंधरा वर्षांनी कोर्टात तिच्या वयावर वाद होणार नाही.

पण लहान मुलीला सोडवणं आणि सज्ञान बाईला पकडून बंद करणं ह्यात फरक आहे आणि आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो, सुटका. कायद्यात मॅजिस्ट्रेट बाईला एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवू शकतात. २०२० मध्ये मुंबईत तीन तरुण बायकांना असंच ठेवायचं ठरलं होतं, त्या बेडिया समाजाच्या आहेत म्हणून घरी पाठवल्या तर परत ह्याच कामाला लागतील असं म्हटलं गेलं. मुंबई हायकोर्टाने त्यांना सोडलं, सांगितलं की त्या सज्ञान आहेत, कुठे राहायचं आणि काय काम करायचं हे त्या ठरवतील. इंदूरच्या लोकांना हे काही नवीन वाटू नये. तुकोजीराव होळकरांच्या दरबारातली मुमताज बेगम दरबार सोडून निघून गेली, तिला परत न्यायला आलेल्यांच्या हातून १९२५ च्या जानेवारीत मुंबईत मलबार हिलवर तिच्यासोबतच्या माणसाचा खून पडला, महाराजांना पुढच्या वर्षी गादी सोडावी लागली, ही गोष्ट आपल्याकडे अजून रंगवून सांगतात. तिचं म्हणणं एवढंच होतं की मला परत जायचं नाही. शंभर वर्षं झाली, बाईला विचारायचं असतं हे आपण अजून शिकतोय.

शेवटी एक विनंती तुम्हाला, रागावू नका. दीड महिन्यापूर्वी तुमच्याच पेपरात एका स्पावरच्या रेडची बातमी होती, सोबत फोटो, पाच मुली ओढणीने तोंड झाकून बाकावर बसलेल्या. चेहरा दिसत नव्हता हे खरं. पण ओढणी दिसत होती, पायातल्या चपला दिसत होत्या, एकीच्या मनगटावर गोंदलेलं नाव दिसत होतं. तिच्या घरच्यांना ते पुरेसं आहे. २०२२ च्या त्याच आदेशात प्रेसबद्दलही लिहिलंय की त्यांची ओळख पटेल असं काही छापू नये, मग ती पकडलेली असो की सोडवलेली. तो फोटो तुमच्या वेबसाइटवर अजून आहे, मी काल बघितला. तो काढून टाका.

साठीच्या त्या बाईंना मी परत तयार केलंय, मोठ्या मुश्किलीने. दुसऱ्या एका सेंटरवरच्या मॅडमशी आधी फोनवर बोलून ठेवलंय, दुपारी दोननंतर गर्दी नसते म्हणाल्या. येत्या मंगळवारी जाणार आहोत, कागद ह्या वेळी मी माझ्या पर्समध्ये बंद पाकिटात ठेवलाय.

आपली विश्वासू,
एक रिटायर बँक कर्मचारी
सुदामा नगर, इंदूर
(नाव-पत्ता तुमच्याकडे दिला आहे, बायकांची ओळख निघू नये म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती)